रक्तातील साखर किती दिवसांनी तपासावी?



गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या ऊस विकास विभागाची माणसे हातात रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आपल्या फडात येतात, हे आपण दरसाल पाहता. आधी बुडाकडच्या कांडीचा थेंब, मग शेंड्याकडच्या कांडीचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे तोंड करून ब्रिक्स वाचायचा आणि वहीत टिपायचा. दोन्ही आकडे जवळजवळ आले म्हणजे ऊस पक्व झाला. उसातली साखर मोजण्याच्या बाबतीत आपण सगळे इतके जागरूक आहोत, की एखाद्याचा फड तपासायचा राहिला तर सभासद थेट गट कार्यालयात येऊन जाब विचारतात. आणि त्याच सभासदाला "काका, तुमची स्वतःची साखर शेवटची कधी तपासली?" असे विचारले, तर उत्तर मिळते, "झालं आसंल वरीस-दीड वरीस. मला काहीच होईना, मंग कामून तपासू?"

हा लेख त्या "कामून"साठी आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, आमची पदविका शेतकीची. कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही आणि आपणही ते आम्हाला विचारू नये. परंतु साखर कधी मोजावी, कशी मोजावी, मोजताना कोठे फसगत होते, हा मोजमापाचा प्रश्न आहे, आणि साखरेचे मोजमाप हे तर आपल्या सर्वांचे रोजचे काम. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या.

आधी हा आजार आपल्याकडे किती आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वीस वर्षांवरील शंभर माणसांमागे हे प्रमाण ११.४ पडते. शहरात ते १६.४ आहे आणि खेड्यात ८.९. "शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार" ही समजूत या आकड्याने मोडली पाहिजे. ज्या गावात चारशे प्रौढ माणसे आहेत तेथे पस्तीस-छत्तीस जणांना मधुमेह असणार, असा याचा साधा हिशेब. आपल्या गावातले किती जण आपल्याला ठाऊक आहेत ते मोजून पाहा. पाच-सात नावांच्या पुढे गणती जाणार नाही. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही.

दुसरी समजूत अंगकाठीची. "आम्ही काटक माणसं, आमच्या अंगावर चरबी कुठंय?" पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यात असे दिसले, की आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाला कमी असतात, हातापायाने बारीक असतात, पण युरोपातल्या बाळांच्या मानाने त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून स्थूल. हे अभ्यासलेले लोक शेतकरी कुटुंबांतलेच होते. तेव्हा धोतर-टोपीतला सडसडीत माणूस या आजारातून आपोआप सुटला, असे धरून चालता येत नाही.

आता "मला काहीच होईना" याकडे वळू. मधुमेहाची फसवी बाजू हीच. रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीवाटे बाहेर टाकू लागते, मग लघवी वाढते, तहान लागते, वजन उतरते. पण उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा आला की आजार आहे असे वैद्यकशास्त्र मानते. या दोन आकड्यांच्या मध्ये माणूस वर्षानुवर्षे राहू शकतो. त्याला काही दुखत नाही, खुपत नाही. या काळात डोळ्यांच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडांतल्या आणि पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मात्र खराब होत राहतात. हुमणी लागलेल्या उसासारखे हे आहे. वरून पाने हिरवी दिसतात, आणि पिवळी पडेपर्यंत मुळ्या खाऊन झालेल्या असतात.

आमच्या एका गटातील जुन्या सभासदाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. नाव सांगत नाही. ऊस तोडून गेल्यावर खोडव्यात बुडखे छाटण्याचे काम चालले होते. अनवाणी चालताना एक टोकदार बुडखा त्यांच्या तळपायात घुसला. आपल्यासारखा माणूस ओरडला असता, पण त्यांना पत्ताच लागला नाही, कारण पायाच्या नसा आधीच बधिर झालेल्या. संध्याकाळी घरी पाय धुताना रक्त दिसले. हळद भरली, फडके बांधले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात. पंधरा दिवसांत पाय काळा पडला आणि शेवटी गुडघ्याखालून काढावा लागला. गोळी ते रोज घेत होते, त्यात खंड नव्हता. रक्त मात्र दोन वर्षांत एकदाही तपासले नव्हते. ती गोळी पुरी पडत नव्हती, हे सांगणारा आकडाच कोणाकडे नव्हता. आज त्यांची साडेतीन एकर जमीन वाट्याने आहे.

म्हणून गोळी चालू आहे म्हणजे काम झाले, असे होत नाही. वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीतच मधुमेह असल्याचे माहीत असलेल्या लोकांची साखर ताब्यात आहे का, हेही पाहिले गेले. शंभरापैकी सुमारे ३६ जणांची होती. घरी यंत्रावर साखर तपासणारे शंभरात सुमारे १७ निघाले.

तपासण्या कोणत्या?

जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी मधुमेहासाठी लघवी तपासत. परीक्षानळीत निळे बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटेसारखे तांबडे, असा रंग चढत जाईल तशी साखर जास्त. आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातील रिड्यूसिंग शुगर फेलिंगच्या द्रावणाने काढतात, त्याचाच हा भाऊबंद. दोन्हींत तांब्याचा क्षार असतो आणि साखरेमुळे तो तांबडा पडतो. ही तपासणी स्वस्त होती, घरी करता येई. पण वर सांगितल्याप्रमाणे साखर १८०च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत येतच नाही. म्हणजे नळी निळी राहिली तरी रक्तात १७० असू शकते. शिवाय ती लघवी मूत्राशयात दोन-चार तास साठलेली असते, तेव्हा आत्ता रक्तात काय आहे ते कळत नाही. म्हणून आता त्या पद्धतीवर कोणी विसंबत नाही.

आज तपासणी रक्ताची, आणि ती मुख्यतः तीन तऱ्हेची. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि तिसरी एचबीएवनसी. पहिल्या दोन बहुतेकांना ठाऊक आहेत. तिसरीचे नाव ऐकले की सभासद गडबडतात, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

कारखान्यात रोज संध्याकाळी फलकावर दोन उतारे लिहिलेले असतात, आजचा साखर उतारा आणि हंगामाचा सरासरी उतारा. आजचा उतारा आज आलेल्या उसावर अवलंबून. काल पाऊस पडला, कोवळा खोडवा आला, गाड्या उन्हात उभ्या राहिल्या, की तो खाली येतो. उद्या पुन्हा चढतो. एका दिवसाच्या उताऱ्यावरून कारखान्याचा हंगाम कसा गेला हे कोणी ठरवत नाही. त्यासाठी सरासरी पाहतात, आणि उसाचा दरही सरासरी उताऱ्यावरच बसतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे आजचा उतारा. एचबीएवनसी म्हणजे सरासरी उतारा.

ती कशी निघते? रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. रक्तात हिंडणारी साखर या हिमोग्लोबिनला चिकटते आणि एकदा चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस. तेव्हा शंभरातल्या किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरीने किती होती ते कळते. मधुमेही माणसांत हे हिमोग्लोबिन वेगळे दिसते, हे इराणमधील सॅम्युएल रहबर या शास्त्रज्ञाने १९६८ च्या सुमारास दाखवून दिले. त्याचा आकडा टक्क्यांत येतो. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. उपचार चालू असलेल्या बहुतेक माणसांनी तो ७ च्या खाली ठेवावा असे सांगतात. ७ म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ९ म्हणजे २१२ च्या आसपास. वय फार झाले असेल किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असेल तर डॉक्टर ही मर्यादा सैल करतात.

"सात आणि आठात काय मोठा फरक?" असे कोणी म्हणेल. साखर उताऱ्यात एका टक्क्याचा फरक म्हणजे टनामागे दहा किलो साखर, हे ज्याला कळते त्याला यापुढचे सांगणे सोपे आहे. इंग्लंडमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ५,१०२ नव्या मधुमेही रुग्णांवर वीस वर्षे लक्ष ठेवले गेले. त्या माहितीवरून असे दिसले, की एचबीएवनसी एक टक्क्याने कमी असली, तर बारीक रक्तवाहिन्यांमुळे होणारे डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी आणि मधुमेहामुळे येणारे मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळतात.

या तपासणीचा आणखी एक गुण आम्हाला फार आवडतो. पक्वता तपासायला आम्ही फडात गेलो की काही चतुर सभासद बांधावरचा, ऊन खाल्लेला, जाडजूड ऊस काढून हातात देतात. "साहेब, हा बघा." आम्ही तो बाजूला ठेवतो आणि फडाच्या मधल्या सऱ्यांतले ऊस घेतो. रक्ततपासणीतही हाच प्रकार चालतो. उद्या डॉक्टरकडे जायचे म्हणून तीन दिवस गोड बंद, भात बंद, मळ्यापर्यंत पायी फेऱ्या. उपाशीपोटीचा आकडा सुरेख येतो आणि घरी आल्यावर पुरणपोळी. एचबीएवनसी म्हणजे फडाच्या मधला ऊस. तीन दिवसांच्या पथ्याला ती बधत नाही.

तथापि तिलाही मर्यादा आहेत. अंगात रक्त कमी असेल, लोहाची कमतरता असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्तस्राव झाला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर कमी येतो. सिकलसेलच्या आजारातही तो विश्वासाचा नसतो. आपल्याकडे बायाबापड्यांत पंडुरोगाचे प्रमाण पाहता, हिमोग्लोबिन किती आहे हेही त्याच वेळी पाहून घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

किती दिवसांनी?

याचे उत्तर सगळ्यांना एकच नाही. आडसाली, सुरू आणि खोडवा यांना खताचे हप्ते एकाच तारखेला कोणी देत नाही.

ज्यांना आजार नाही, निदान तसे वाटते, त्यांनी तिशी ओलांडल्यावर वर्षातून एकदा तपासावे. शासनाचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम तीस वर्षांवरील सर्वांसाठी आहे. आशाताई घरोघरी येऊन तक्ता भरून घेतात तो याचसाठी. त्यांना "नंतर या" म्हणून परत पाठवू नये. उपाशीपोटी १०० ते १२५ आकडा आला तर तो काठावरचा माणूस. त्याला गोळी लागेलच असे नाही, पण वर्षाची तपासणी त्याने चुकवू नये. वर सांगितलेल्या पाहणीत असे काठावरचे लोक शंभरात १५ हून अधिक निघाले, म्हणजे प्रत्यक्ष मधुमेहींपेक्षाही जास्त.

ज्यांना फक्त गोळ्या चालू आहेत आणि साखर ताब्यात आहे, त्यांनी एचबीएवनसी वर्षातून निदान दोनदा करावी. साखर ताब्यात नसेल किंवा डॉक्टरांनी औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी. त्याहून लवकर केल्याने फारसा फायदा नाही, कारण जुन्या पेशी अजून रक्तात असतात आणि नव्या औषधाचा पुरता परिणाम आकड्यात उतरलेला नसतो. मधल्या काळात उपाशीपोटी आणि जेवणानंतर अशी जोडतपासणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, डॉक्टर सांगतील तशी. अशा माणसाने रोज बोट टोचण्याची सहसा गरज नसते, आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. काही सभासद यंत्र नवे आणले की पहिला महिना दिवसातून चार वेळा टोचतात, पट्ट्या संपल्या की यंत्र फळीवर ठेवतात, पुन्हा वर्षभर काही नाही. त्यापेक्षा ठरावीक अंतराने आणि कायम.

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. किती इन्सुलिन टोचायचे हे साखर किती आहे यावर अवलंबून असल्याने त्यांना घरी यंत्र हवेच. दिवसातून किती वेळा तपासायचे ते डॉक्टर ठरवतील. लहान मुलाला हा आजार असेल तर दिवसातून अनेक वेळा तपासावे लागते. त्यात खर्चाकडे पाहून चालढकल करू नये, कारण तेथे धोका काही तासांत उभा राहतो.

गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्या भेटीलाच व्हावी. ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा व्हावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर लक्ष ठेवावे लागते. सुनेला "आमच्या घरात कोणाला नाही, तिला कशाला?" म्हणून न्यायचे टाळणाऱ्या सासूबाईंनी एवढे ध्यानात घ्यावे, की गरोदरपणातली साखर बाळंतपणानंतर बहुधा जाते, पण तिचा त्रास बाळाला होतो, आणि पुढे त्या बाईला मधुमेह होण्याचा संभव वाढतो.

ताप, जुलाब, जखम, शस्त्रक्रिया, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर नेहमीचे वेळापत्रक बाजूला ठेवून जास्त वेळा तपासावे लागते.

आणि आकडा आल्यावर पुढे काही करायचे असते. रिपोर्ट घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायचा आणि गोळी तीच चालू ठेवायची, हे म्हणजे काट्यावर वजन करून उसाची गाडी गव्हाणीत न टाकता परत घरी नेण्यासारखे आहे.

नमुना कसा द्यावा?

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही खाल्लेले नको. पाणी चालते. "नुसता अर्धा कप चहा" चालत नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. त्या दिवशी नेहमीचे जेवण, नेहमीची गोळी. तपासणी आहे म्हणून गोळी टाळली तर गोळीचा परिणाम काय होतो हे कळणार कसे? एचबीएवनसीला मात्र उपाशी राहण्याची गरज नाही, दुपारी बाजाराला गेल्यावरही देता येते.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपण जाणतो. काढलेल्या रक्ताचेही तसेच आहे. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीतले रक्त तसेच ठेवले तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. गावात रक्त घेऊन मोटारसायकलवर दुपारपर्यंत शहरात नेले, तर १४० ची १२० झालेली असू शकते आणि माणूस खुशीत घरी येतो. म्हणून साखरेच्या तपासणीसाठी फ्लोराइड घातलेली, राखाडी बुचाची नळी वापरतात. नमुना घेणाऱ्याला "दादा, राखाडी बुचाची नळी आहे ना?" एवढे विचारायला लाजू नये. त्या नळीतही पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच, तेव्हा नमुना लवकर पोचावा हे उत्तम.

घरच्या यंत्राबाबत आपल्या लोकांना एक खास सूचना. हात साध्या पाण्याने धुऊन पुसल्याशिवाय बोट टोचू नये. रस, काकवी, गूळ, फळ यांचा चिकटा बोटाला असेल तर थेंबात तीच साखर मिसळते आणि यंत्र भलताच आकडा दाखवते. गुऱ्हाळावरून उठून थेट तपासणारा माणूस तीनशेचा आकडा बघून घाबरला, तर त्यात त्याच्या रक्ताचा दोष नसतो. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, दुखते कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच टिकतात, तेव्हा आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत त्या ठेवू नयेत. माठाजवळ, पण ओल लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. यंत्राचा आणि प्रयोगशाळेचा आकडा तंतोतंत जुळत नाही. दीडशेला पंधरा-वीसचा फरक चालण्यासारखा आहे.

साखर उतरते तेव्हा

तपासणी फक्त चढलेली साखर पाहण्यासाठी नसते. शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात किंवा कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली, की आपला माणूस संध्याकाळची गोळी घेतो आणि "आल्यावर जेवतो" म्हणून दारे धरायला जातो. काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाहीत. मध्यरात्री घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आकडा ७० च्या खाली गेला म्हणजे साखर उतरली. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे, पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि मग भाकरी खावी. यंत्र जवळ नसेल तर तपासत बसू नये, आधी साखर घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, ते घशात अडकते. तसाच दवाखान्यात न्यावा. मधुमेही माणसाच्या खिशात साखरेची पुडी असावी, असे आम्ही सांगतो तेव्हा लोक चकित होतात. पण असावी. उपवासाच्या दिवशी आणि रमजानच्या रोज्यांतही हाच धोका असतो, तेव्हा उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे अनेक धर्मपंडितांनी सांगितलेले आहे.

खर्च आणि सोय

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की आपल्या भागात रक्ततपासणी उसाच्या बिलाबरोबर होते. पहिला हप्ता जमा झाला की शहरात जाऊन एकदा सगळे तपासून घेतात, पुढचा विचार दिवाळीच्या हप्त्याला. पैसा हातात असतो तेव्हा आठवण होते, यात नवल नाही. पण साखर बिलाच्या तारखा पाळत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. खासगी प्रयोगशाळेत चार वेळा एचबीएवनसी आणि मधल्या साध्या तपासण्या केल्या तरी वर्षाचा खर्च साधारण एका टनाच्या पैशात बसतो. तोही करायचा नसेल तर सरकारी सोय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत झालेले आहेत. आपल्याकडे गंगापूर, वैजापूर, पैठण, कन्नड, फुलंब्री, कोणत्याही तालुक्यात राहत असलात तरी यांपैकी एक जागा आटोक्यात आहे. एचबीएवनसीची सोय कोठे आहे ते केंद्रावर विचारून घ्यावे. गुंतागुंत असेल तर शहरात चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि घाटी आहेच. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तेथील शुल्काचे नियम वेगळे आहेत.

दर तीन महिन्यांचा हिशेब ठेवणे जड जाते असे सभासद म्हणतात. आपल्या शेतीच्याच खुणा धराव्यात. मोळी पडली की नोव्हेंबरात एक. सुरूची लागण आटोपली की फेब्रुवारीअखेर दुसरी. मे महिन्यात, पाण्याची ओढाताण चालू असते तेव्हा तिसरी. आडसालीची लागण उरकून ऑगस्टात चौथी. वर्षातून एकदा त्याचबरोबर डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन हेही पाहून घ्यावे, आणि पाय डॉक्टरांपुढे उघडे करून दाखवावेत. बूट काढायचा कंटाळा करू नये.

ऊसतोड कामगारांबद्दल दोन शब्द. टोळ्या सहा-सहा महिने गावापासून दूर असतात. गावच्या केंद्रावरची गोळी दिवाळीपर्यंत पुरते, पुढे खंड पडतो, तपासणीचे तर नाव नको. आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला विचारावे, कोणाला साखरेची गोळी चालू आहे काय? असेल तर त्या माणसाला जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. केंद्र परगावच्या माणसालाही तपासते. जुना कागद बरोबर असला तर काम लवकर होते, नसला तरी गोळ्यांचे रिकामे पाकीट न्यावे.

यंत्र एका घरात दोघांना चालते, शेजाऱ्यालाही चालते, पण टोचायची सुई ज्याची त्याचीच. ती दुसऱ्याला दिली तर रक्तातून पसरणारी कावीळ एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावावे आणि बाटली भरली की आरोग्य केंद्रावर द्यावी. उकिरड्यावर टाकू नये. तेथून ती खतात जाते आणि खत आपल्याच सरीत.